थंड प्रदेशात परसातला राजमा कधी काढावा आणि वर्षभर कसा साठवावा?

शेंगा खुळखुळू लागल्या की राजमा बरणीत भरायला हरकत नाही ना, असे आपण विचारले आहे. हरकत आहे. याच समजुतीपायी आमचा तीन किलो राजमा मुलुंडमध्ये कचऱ्यात गेला आणि त्याचे खापर आमच्या घरात आजही मुंबईच्या हवेवर फोडले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे हिमाचलमध्ये, कुल्लूच्या वरच्या अंगाला राहत होतो. घरामागे राजमा लावला होता. सप्टेंबर सरता सरता बहुतेक शेंगा पिवळ्या पडल्या होत्या, पाने मात्र अजून हिरवी होती, आणि एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून सांगितले की रात्री पाला पडेल. दव गोठून पांढरे होते, त्याला तिकडे पाला म्हणतात. त्यांनी आपली झाडे मुळासकट उपटून पडवीच्या वाशांना उलटी टांगली होती. आम्हीही अंधार पडायच्या आत तसेच केले. आपणही तेच करावे. पूर्ण वाळलेल्या दाण्याचे हलक्या पाल्याने फारसे बिघडत नाही, परंतु ओला दाणा गोठला की खराब होतो, आणि बियाणे म्हणून तर त्याचा उपयोग उरत नाही.

ती झाडे आणखी दोन-तीन आठवडे तशीच टांगून ठेवायची होती. तेवढ्यात धाकटे दीर कुल्लूचा दसरा पाहायला आले. त्यांनी एक शेंग कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, "वहिनी, हा तर खुळखुळतोय! आता कसली वाट पाहता?" मी नको म्हणत असताना त्यांनी दुपारभर बसून सगळ्या शेंगा सोलल्या, दोन हवाबंद बरण्या गच्च भरल्या आणि जाताना त्या सासूबाईंसाठी मुलुंडला नेल्या. तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी पहिली बरणी उघडली, तर कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटलेले होते आणि मधल्या थरावर पांढरी बुरशी धरली होती. दुसरीचीही तीच गत. दिरांचा निकाल तयारच होता: मुंबईची हवा दमट. हवाबंद बरणीत ती हवा शिरली कशी, या माझ्या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे आजवर उत्तर नाही.

खरे कारण साधे आहे. शेंगेचे टरफल आधी वाळते, म्हणून ती खुळखुळते. दाण्याच्या पोटातली ओल त्यानंतरही बरेच दिवस राहते. दाण्यावर नख रुतले, तर तो ओला आहे असे समजावे. चार दाणे बत्त्याने ठेचून पाहावेत: वाळलेला दाणा फुटून तुकडे होतात, ओला दाणा चपटा होतो. सोललेले दाणे परातीत एकेरी पसरून घरातच वाऱ्याशी ठेवावेत आणि रोज हलवावेत.

भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच येतात, त्यामुळे बरणी कितीही घट्ट असली तरी पुढे दाण्यांना गोल भोके पडू शकतात. सासूबाई रायगडच्या असल्याने वालाला राख चोळून ठेवतात. ती रीत चांगलीच आहे, पण सदनिकेत राख आणायची कुठून? त्यापेक्षा वाळलेला राजमा उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटते. अर्थात, दाणे ओले असताना हा उपाय करू नये. पाल्याने जे होते तेच फ्रीझरमध्येही होईल.

एवढे मान्य करते की मुंबईत पावसाळ्यात वारंवार उघडली जाणारी बरणी दमट होतेच. आमच्या बरण्या मात्र कोणी उघडल्याही नव्हत्या. भरल्यानंतर आठवडाभर झाकणाची आतली बाजू पाहत राहावे, आणि एक जरी थेंब दिसला तरी सगळा राजमा पुन्हा परातीत ओतावा. आमच्या झाकणाखाली ते थेंब दुसऱ्याच सकाळी, कुल्लूतच, दिसले होते, आणि मी ते दिरांना दाखवलेही होते.