पीयूषिका: अमृत नव्हे, चीक

प्रश्न असा आला आहे: "'मुलगी वयात येताना पीयूषिका ग्रंथी जागी होते' असे वाचले. पीयूष म्हणजे अमृत, मग ही अमृताची ग्रंथी का? की पोष ग्रंथी म्हणणे बरोबर?"

अमृताची ग्रंथी! योगवर्गांतून, आरोग्याच्या व्हिडिओंतून हे ऐकून कान किटले. पीयूषचा अमृत हा अर्थ आहेच, आणि श्रीखंड-ताकाचे पीयूष सगळ्यांनी प्यायलेले आहे. पण अमरकोश पाहा: 'पीयूषोऽभिनवं पयः'. नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, म्हणजे आपला चीक! पिवळसर, दाट, गूळ-वेलची घालून वाफवला की विरजण न लावताही घट्ट बसतो, सुरीने वड्या पडतात. पीयूष म्हणजे खरवसाचे दूध.

आता पीयूषिकेचे इंग्रजी नाव, पिट्यूइटरी. लॅटिन 'पिट्युइटा' म्हणजे कफ, शेंबूड. मेंदूतला कफ या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून खाली नाकाघशाकडे उतरतो, असे १५४३ साली शरीररचनेचा मोठा अभ्यासक व्हेसालियससुद्धा मानत होता. पीयूषिका हा शब्द घडवणाऱ्याने शेंबूड टाकला, नाद राखला आणि त्या जागी दूध आणले. बाळंतिणीच्या अंगावर दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) याच ग्रंथीतून येते! हा योगायोग आहे असे मला कोणी सांगू नये. मराठी विश्वकोशाने 'पोष ग्रंथी' स्वीकारले, ते मला मुळीच पटत नाही. त्यात ना नाद, ना दूध. आणि ही ग्रंथी पोसत नाही, वरून आलेला हुकूम पुढे पोचवते.

म्हणूनच 'जागी होते' हेही चूक. हुकूम हायपोथॅलॅमसचा, म्हणजे पीयूषिकेच्या लगेच वर असलेल्या मेंदूच्या भागाचा. तिथल्या मोजक्या चेतापेशी साधारण तास-दीड तासाने १० अमिनो आम्लांचा एक इवलासा रेणू सोडतात. तो पोचला की पीयूषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते आणि ती बीजांडकोशाला किंवा वृषणांना कामाला लावतात. या पेशी तान्हेपणी काही महिने चालू असतात, मग कित्येक वर्षे जवळजवळ गप्प, आणि वयात येताना पुन्हा सुरू, तेही आधी रात्रीच्या झोपेत. सगळी किमया थांबून थांबून देण्यात आहे. १९७८ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवले की तोच रेणू सलग धारेने दिला तर पीयूषिका हात आखडते. वेळेआधीच वयात येणाऱ्या मुलांवर आज याच तत्त्वाने उपचार होतात.

वासरू ढुशी देते, थांबते, पुन्हा देते, तेव्हा गाय पान्हा सोडते. पान्हा म्हणजे संस्कृत प्रस्नव, पाझर. आणि पान्हा सोडवणारे ऑक्सिटोसिनही हायपोथॅलॅमसमध्येच तयार होऊन पीयूषिकेच्या मागल्या भागातून रक्तात उतरते! तेव्हा 'पीयूषिका पान्हावते' असे लिहा. क्रियापद आपल्या गोठ्यातच आहे.