डिझेल गाडीला ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर लावावा का?

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल गाडी रोज नाशिक-दिंडोरी रस्त्यावर धावते. धुता येणारा कापडी फिल्टर लावल्यास ओढ आणि मायलेज वाढेल, असे एक दुकानदार सांगतो. हा खर्च करावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आमच्या मते करू नये. डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवा घेते आणि त्याची ताकद ठरते ती इंधनाच्या मात्रेवर. शिवाय टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, ठरावीक पातळीवर राखत असल्याने, स्वच्छ कागदी फिल्टरचा किरकोळ अडथळा कमी केला तरी चालकाला जाणवेल असा फरक पडत नाही. (आवाज मात्र वाढतो, आणि तोच अनेकांना ताकद वाटतो.) उलट कापडी फिल्टरला धुतल्यावर धूळ पकडण्यासाठी लावायचे तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसून मोजमाप चुकवू शकते, कमी पडले, तर द्राक्षबागांकडच्या कच्च्या रस्त्यांची बारीक धूळ आत जाऊन टर्बोची पाती आणि सिलिंडर झिजवते. कंपनीचा कागदी फिल्टरच ठेवावा आणि धुळीतला वापर लक्षात घेऊन तो पुस्तिकेतील मुदतीआधी बदलावा. बदलताना टर्बोकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली, तर जुना फिल्टर नीट बसलेला नव्हता किंवा फाटलेला होता.