वरून पाना पडू नये म्हणून काय करायचं?

प्रश्न: मी मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. मध्यंतरी शेडच्या छपराशी, साधारण 12 मीटरवर काम चालू होतं आणि एका पोराच्या हातून किलोभराचा पाना सटकला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. शेठ म्हणतात, सगळ्यांना हेल्मेट दिलंय, अजून काय पाहिजे? पोरं आता पाना सुतळीने मनगटाला बांधतात. एवढं चालेल ना?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: नाही चालणार, आणि शेठना आधी हा हिशेब दाखवा. 12 मीटरवरून सुटलेला पाना साधारण दीड सेकंदात खाली येतो, जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी 55 किलोमीटर असतो, म्हणजे वरच्याने "ए बाजूला हो" म्हणेपर्यंत तो पोचलेला असतो. युरोपच्या ईएन 397 स्टँडर्डमध्ये हेल्मेट तपासताना 5 किलोचं वजन 1 मीटरवरून सोडतात, आणि तुमचा पाना त्याच्या जवळजवळ अडीच पट जोराने येतो. शिवाय मान, खांदे उघडेच. हेल्मेट हवंच हो, पण त्याच्या भरवशावर कुणाला खाली उभं करू नका.

सुतळी आधी काढा. झटका बसला की ती तुटते नाहीतर गाठ सुटते, आणि दोन्ही टिकलं तर सगळा हिसका मनगटावर येतो. बाजारात टूल लॅनयार्ड, म्हणजे हत्यार बांधून ठेवायच्या हूकवाल्या दोऱ्या मिळतात, त्यावर किती किलोपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. अमेरिकेत 2018 साली खास या सामानासाठी एएनएसआय/आयएसईए 121 हे स्टँडर्ड आलं, लेबलवर ते दिसलं तर चांगलंच. सव्वादोन किलोपर्यंतचं हत्यार बेल्टला चालतं, त्याहून जड असेल, म्हणजे मोठा घण, ग्राइंडर वगैरे, तर माणसाला नाही, स्ट्रक्चरलाच बांधायचं, नाहीतर हत्याराबरोबर माणूसही ओढला जाईल. दोरी कामापुरतीच लांब ठेवा, जितकी लांब तितका हिसका मोठा.

पान्याला भोक नसतं, मग पोरं ड्रिल मारतात किंवा कडी वेल्ड करतात. हे अजिबात करू देऊ नका, पाना तिथेच कमजोर होतो. दांड्यावर बसणारी कडीवाली स्लीव्ह किंवा त्यासाठीची खास टेप मिळते, ती लावा.

आता जे कुणाच्या लक्षात येत नाही ते. कॉर्डलेस ड्रिल बांधलेलं असतं पण त्याची बॅटरी नुसत्या खटक्यावर असते, धक्का लागला की बॅटरी एकटीच खाली. तिला वेगळं बांधायचं कव्हर येतं. नटबोल्ट बांधता येत नाहीत, ते तोंड बंद होणाऱ्या पिशवीत न्या, उघडी बादली कलंडते. आणि मोबाइल! शर्टाच्या वरच्या खिशातला मोबाइल वाकलं की निसटतो, तो खालीच ठेवायला लावा. वर एकाने दुसऱ्याला पाना देताना घेणाऱ्याने आपला हूक आधी अडकवायचा, मगच देणाऱ्याने आपला काढायचा. चढताना किती हत्यारं नेली ते मोजा, उतरताना परत मोजा.

परांचीवर काम असेल तर फळीच्या कडेला टो-बोर्ड, म्हणजे वस्तू घरंगळून खाली जाऊ नये म्हणून लावलेली उभी पट्टी, हवाच. खालची जागा दोरी लावून बंद करताना बरोब्बर कामाखालचीच करू नका, पडणारी वस्तू वाटेत पाइपला आपटून भलतीकडेच उडते.

प्रश्न: आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळात गणपतीच्या मांडवासाठी आमची पोरंच बांबूवर चढतात. हे एवढं सामान आम्ही कुठून आणायचं?
– एक कार्यकर्ता

उत्तर: पक्कड आणि हातोडीपुरते दोन-चार लॅनयार्ड वर्गणीतून घ्याच, ते दरवर्षी कामाला येतील (दरवेळी शिवण आणि हूक मात्र तपासून घ्या). बाकीचं सामान नाडीवाल्या जाड पिशवीत घालून पिशवी बांबूला बांधा. वर काही द्यायचं असेल तर फेकून द्यायचं नाही, दोरीने ओढून घ्यायचं. बाइंडिंग वायरचे कापलेले तुकडे पण पिशवीतच. मांडव उभा राहताना बघायला गल्लीतली लहान मुलं हमखास खाली जमतात, तेव्हा एक मोठा माणूस फक्त त्यांना लांब ठेवायला उभा करा आणि त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका.