वाचकांचे प्रश्न : तेराव्या वर्षी १२० मिनिटे

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा असून शाळेच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळतो. दिवाळीनंतर आमच्याकडे रविवारी सेव्हन-अ-साइडच्या एकदिवसीय स्पर्धा भरतात. मागच्या स्पर्धेत त्याच्या संघाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार सामने खेळावे लागले. प्रत्येक सामना १५-१५ मिनिटांच्या दोन डावांचा होता. अंतिम सामन्यात त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. त्याचा स्टॅमिना कमी आहे, त्याला रोज पहाटे किनाऱ्यावर ५ किलोमीटर पळवा, असे सरांचे म्हणणे आहे. व्यावसायिक खेळाडू सामन्यात किती धावतात आणि मुलाने तेवढी तयारी करावी का?
— एक पालक, वेंगुर्ले

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांची बेरीज केली, तर आपला मुलगा त्या रविवारी १२० मिनिटे खेळला. विश्वचषकाचा बाद फेरीतला सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला, तर मोठ्यांनाही तेवढीच मिनिटे खेळावी लागतात आणि त्यानंतर त्यांना काही दिवसांची विश्रांती मिळते. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याचे काही सामने आपल्या कोकणाच्या दोन्ही अंगांना, मडगाव आणि नवी मुंबई येथे, खेळले गेले. त्या स्पर्धेत ९० मिनिटांनंतर बरोबरी राहिली, तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी घेण्याचा नियम होता. जगातल्या निवडक सतरा वर्षांच्या मुलांवर जो भार टाकला गेला नाही, तो आपण तेरा वर्षांच्या मुलावर एका रविवारात टाकतो आणि वर त्याच्या स्टॅमिन्याला दोष देतो. सामने छोटे असल्यामुळे ही बेरीज कोणाच्या लक्षात येत नाही, एवढेच.

आता धावण्याविषयी. व्यावसायिक सामन्यात मैदानी खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. मधल्या फळीतले खेळाडू बहुधा सर्वांत जास्त, बचावफळीच्या मध्यावरचे खेळाडू त्यांच्यापेक्षा कमी आणि गोलरक्षक जेमतेम निम्मे. मात्र हा आकडा ऐकून जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते फसवे असते. त्यातले बरेचसे अंतर चालत आणि हळू पळत कापले जाते. खऱ्या अर्थाने वेगाने धावणे एकूण अंतराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते आणि पूर्ण जोर लावून मारलेली धाव तर काही शे मीटरच, तीही तुकड्यातुकड्यांत. खेळाडूला थकवते ती हालचालींतली सततची मोडतोड : दर चार ते सहा सेकंदांनी तो काही तरी वेगळे करत असतो, थांबणे, वळणे, उडी, धडक, पुन्हा धाव, असे बदल एका सामन्यात हजाराहून अधिक होतात. त्यामुळे हृदयाचे ठोके सामनाभर सरासरीने कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतात आणि मांडीच्या स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा शेवटी बराच आटलेला असतो. तो पुरता भरून यायला दोन ते तीन दिवस लागू शकतात.

मुलांच्या सामन्यांत अंतर कमी भरते, परंतु हृदयावरचा ताण मोठ्यांच्या जवळपास तेवढाच असतो. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. वयात न आलेल्या मुलाचा दम दोन धावांमध्ये मोठ्या माणसापेक्षा लवकर भरून येतो. म्हणून तो थकलेला दिसत नाही, पाण्याचा घोट घेऊन पुन्हा मैदानात जायला तयार असतो आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्याला वाटते की गडी अजून ताजा आहे. हाडांची वाढती टोके आणि त्यांना जोडलेले स्नायूबंध यांना मात्र असे चटकन सावरता येत नाही.

पहाटेची ५ किलोमीटरची संथ धाव अगदीच वाया जात नाही. दोन वेगवान धावांच्या मध्ये सावरण्याची ताकद तिने थोडी वाढते. परंतु एकाच लयीत पळणाऱ्या मुलाला थांबण्याचा, वळण्याचा आणि पुन्हा उसळण्याचा सराव होत नाही. त्याऐवजी लहान चौकोनात चार विरुद्ध चार असा चार-चार मिनिटांचा खेळ, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती, असे चार-पाच वेळा घेतले, तर दम आणि कौशल्य दोन्ही साधतात. किनाऱ्याचा हट्ट असेलच, तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर पळावे. कोरड्या वाळूत पळायला कठीण जमिनीच्या सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती खर्च होते. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एकाच दिशेने पळत राहिल्यास एका पायावर कायम जास्त भार येतो. जितके जाल तितकेच त्याच पट्ट्यातून परत या.

पोटरीतल्या गोळ्यांमागे बहुतेक वेळा थकलेला स्नायूच असतो. पुढच्या स्पर्धेत बदली खेळाडू वारंवार आत-बाहेर करण्याची मुभा असेल, तर सरांनी ती पहिल्या सामन्यापासून वापरावी, अंतिम सामन्यासाठी राखून ठेवू नये. सकाळी निघण्यापूर्वी दोन-तीन तास आधी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज द्यावी आणि सामन्यांच्या मध्ये केळे किंवा गूळ. (वडापावाचा स्टॉल मैदानाला लागूनच असतो, हे मला ठाऊक आहे; तो अंतिम सामन्यानंतर.) सोमवारी आणि मंगळवारी सराव नको. सर्वसाधारण मोजमाप असे की आठवड्यातले संघटित सरावाचे आणि सामन्यांचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ नयेत.

प्रश्न : आठवीच्या माझ्या संघात एका मुलाला मिसरूड फुटली आहे आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. उंच झालेला मुलगा सध्या टाच दुखते म्हणून लंगडतो. तो टाळाटाळ करतो आहे का? मैदान जांभ्याचे आहे.
— एक क्रीडाशिक्षक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा नाही. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची त्याआधी सुमारे दोन वर्षे. परंतु एकेका मुलात हे वय पुष्कळ मागेपुढे होते. त्या काळात हाड आधी लांबते आणि स्नायू मागून येतो. ताणलेला स्नायूबंध हाडाच्या कोवळ्या टोकाला ओढत राहतो. टाचेला हे झाले की त्याला सीव्हरचा विकार म्हणतात, गुडघ्याखालच्या उंचवट्याला झाले की ऑसगुड-श्लाटर. दोन्ही कालांतराने बरे होतात, परंतु दुखणे असताना उड्या आणि धावा कमी कराव्याच लागतात. जांभ्याच्या उघड्या कातळावर पातळ तळव्याचे बूट घालून हे दुखणे वाढते. भातकापणीनंतरचा मळा नीट सपाट केला, तर सरावाला तो कधीही बरा. दुखणे एकाच बाजूला, रात्रीही जाणवणारे किंवा सूज असलेले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपल्याला एक सोपे काम सुचवतो : दर तीन महिन्यांनी सर्वांची उंची भिंतीवर खूण करून मोजा. ज्याची खूण एकदम वर सरकली, त्याचा भार तेवढ्या काळापुरता कमी करा. आणि त्या लहानखुऱ्या मुलाला संघाबाहेर काढू नका. आज तो धक्क्याने पडतो, याचा त्याच्या खेळाशी फारसा संबंध नाही. सरावात त्याला कधी वयाऐवजी अंगलटीने जुळणाऱ्या मुलांबरोबर खेळवून पाहा, त्याचे पाय काय करतात ते दिसेल.

प्रश्न : मुलींचा सामना शरीराला कमी कष्टाचा असतो का? आमच्या कॉलेजात तसे म्हणतात.
— एक खेळाडू, मालवण

उत्तर : नाही. व्यावसायिक महिला खेळाडूही सामन्यात १० किलोमीटरच्या आसपास अंतर कापतात. अतिवेगाच्या धावा पुरुषांपेक्षा कमी असतात, पण त्यांच्या स्वतःच्या क्षमतेच्या तुलनेत मेहनत तेवढीच असते. उलट गुडघ्यातला एसीएल हा हाडांना जोडणारा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप आहे, त्यात उडीवरून नीट उतरणे आणि तोल सांभाळणे शिकवतात. तो नियमित केल्यास दुखापती स्पष्टपणे कमी होतात. साहित्य फक्त चेंडूचे लागते.

प्रश्न : मे महिन्यात चाकरमानी गावी येतात म्हणून आम्ही तेव्हाच स्पर्धा ठेवतो. उन्हाची काय काळजी घ्यावी?
— एक मंडळ, दापोली तालुका

उत्तर : आपल्याकडे प्रश्न उन्हापेक्षा दमटपणाचा आहे. घाम अंगाला गारवा देतो तो वाळताना. कोकणातल्या मे महिन्यात तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणूनच फिफा साध्या तापमानावर न जाता ऊन, आर्द्रता आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक वापरते आणि तो ३२ अंशांवर गेला की सामन्यात थंड होण्यासाठी विश्रांती घेतली जाते. आपल्या किनाऱ्यावर दुपारी तो आकडा सहज जवळ येतो, तेव्हा ११ ते ४ या वेळात सामना ठेवूच नका. उन्हात खेळायची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. वर्षभर पंख्याखाली बसून शनिवारी गाडीतून उतरलेल्या भाच्याला रविवारी पूर्ण सामना खेळवणे हा त्याचा पाहुणचार नव्हे.

प्रत्येक डावाच्या मध्यावर दोन मिनिटे थांबून पाणी द्यावे, आणि कोकमाचे सरबत मीठ-साखर घालून पण पातळ करून ठेवावे. एखादा खेळाडू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला उष्माघात झाला असे समजून ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर विहिरीचे पाणी सतत ओतावे आणि वारा घालावा. त्याच वेळी गाडी बोलवावी, मात्र गाडीची वाट पाहत पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध पुरती नसेल, तर तोंडात पाणी घालू नये. मैदानाच्या कडेला दोन भरलेले पिंप आणि एक तांब्या सकाळपासून ठेवलेले असावेत.