वाचकांचे प्रश्न : शिवरात्रीची मध्यरात्र, औषध आणि पारणे

प्रश्न : आमच्या घरी महाशिवरात्रीला सासूबाई रात्री बाराच्या ठोक्याला अभिषेक करीत. भटजींनी मात्र आता पाऊण वाजताची वेळ सांगितली आहे. मध्यरात्र बारालाच नसते का? शिवाय मला मधुमेह असल्यामुळे दोन वेळा गोळ्या घ्याव्या लागतात. गोळीने उपवास मोडतो का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : भटजींनी सांगितलेली वेळ बरोबर आहे, आणि सासूबाईंचेही चुकत नव्हते. शिवरात्रीची मध्यरात्र घड्याळावर ठरत नाही. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे पंधरा समान मुहूर्त केले असता त्यांतला आठवा तो निशीथ, आणि माघ वद्य चतुर्दशी ज्या रात्री निशीथाला व्यापून असते ती रात्र या व्रतासाठी घेतात. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर लावलेली आहेत. पणजी सुमारे ७३.८ अंशांवर, म्हणजे बरीच पश्चिमेला असल्याने, अंशाला चार मिनिटे या हिशेबाने, आपल्याकडची मध्यरात्र सुमारे ३५ मिनिटे पुढे जाते. त्यात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटे मागे असतो. १५ फेब्रुवारी २०२६ च्या शिवरात्रीचे गणित केले तर गोव्यात सूर्यास्त ६ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय सातच्या सुमारास येतो. त्यामुळे निशीथ साधारण रात्री १२.२४ ते १.१४ असा पडतो. त्याच रात्री काशीतला निशीथ सुमारे ३७ मिनिटे आधी येतो, म्हणून तिकडची वेळ मोबाइलवर पाहून इथे अभिषेकाला बसू नये.

सासूबाईंच्या बाराला आधार आहे तो यामपूजेचा. रात्रीचे चार प्रहर करून प्रत्येक प्रहरी पूजा करावी, अनुक्रमे दूध, दही, तूप आणि मध यांनी अभिषेक करावा, अशी रूढ पद्धत आहे. वरच्या हिशेबाने दुसरा प्रहर पावणेदहाच्या सुमारास सुरू होऊन पाऊण वाजेपर्यंत चालतो, तेव्हा बाराची पूजा ही दुसऱ्या प्रहराची पूजा ठरते. एकच पूजा शक्य असेल तर ती निशीथात करावी. देवळात मात्र तिथल्या परंपरेने ठरलेली वेळच पाळावी. गाभाऱ्यासमोर उभे राहून मुहूर्ताचा वाद घालण्यात अर्थ नाही.

आता औषधाविषयी. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे वचन धर्मशास्त्रात प्रसिद्ध आहे. गोळी त्यात स्पष्टपणे बसते. खरा धोका निराळा आहे : गोळी घेऊन पोट रिकामे राहिले तर रक्तातली साखर एकाएकी खाली येऊ शकते, आणि जागरणात घाम, थरथर, चक्कर ही लक्षणे झोपेची म्हणून दुर्लक्षिली जातात. तेव्हा उपवास करावा की नाही आणि मात्रा किती ठेवावी, हे आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी टाळू नका. साबुदाण्याची खिचडी तर तुमच्यासाठी सोयीची नाहीच, कारण साबुदाणा म्हणजे बहुतांशी निव्वळ पिष्ट. (ज्या कंदापासून तो होतो तो कंद, रताळे, बटाटा आणि शेंगदाणा हे सारे मूळचे अमेरिका खंडातले, आपल्या जुन्या ग्रंथकारांच्या फराळात यांतले काहीच नव्हते, हे आमच्या उपवासाच्या पदार्थांविषयीच्या सोवळेपणाला थोडे गमतीदारच आहे.)

प्रश्न : ताजा बेल पुरेसा मिळाला नाही तर वाहिलेला बेल धुऊन पुन्हा वाहता येतो का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : येतो. तुटलेली किंवा किडलेली पाने तेवढी वगळावीत.

प्रश्न : पारणे कधी सोडावे? आमच्याकडे कोणी पहाटे जेवतात, तर कोणी चतुर्दशी संपेपर्यंत थांबतात.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० मध्ये लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथात याचा निर्णय दिलेला आहे. चतुर्दशी रात्रीच्या तीन प्रहरांच्या आत संपत असेल, तर ती संपल्यावर पारणे करावे; तीन प्रहरांपुढेही ती चालू राहत असेल, तर सकाळी चतुर्दशी असतानाच पारणे करावे. एकादशीच्या पारण्याची सवय असलेल्यांना तिथी चालू असताना जेवणे विचित्र वाटते, पण इथला नियम तसा आहे. २०२६ ची चतुर्दशी १६ फेब्रुवारीला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपत असल्याने त्या वर्षी पारण्याची वेळ सकाळचीच. संध्याकाळपर्यंत उपाशी राहणाऱ्यांनी व्रत अधिक कडक केले असे होत नाही. सूर्योदयानंतर स्नान आणि पूजा आटोपून, तीर्थप्रसाद घेऊन, नेहमीच्या वरण-भातानेच उपवास सोडावा.