सर्दी आणि ॲलर्जी या दोन्हींवर चालेल असे एकच वनौषधींचे सरबत घरी बनवता येईल का?

आपण विचारले आहे की, ऋतू पालटला की आपल्याला शिंका येतात व नाक वाहते, शिवाय वर्षातून दोनतीनदा खोकल्यासह सर्दी होते. तेव्हा या दोन्हींवर चालेल असे सरबत एकदाच भरपूर करून बाटल्यांत भरून ठेवता येईल का, आणि घरातील आठ महिन्यांच्या बाळाला व रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आईलाही ते देता येईल का. माझे उत्तर असे की, सर्दीखोकल्यात आराम देणारे सरबत घरी चांगले बनते, ॲलर्जीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, बाळाला ते अजिबात देऊ नये आणि आईला देताना त्यातील एकेक जिन्नस तपासून घ्यावा. मी डॉक्टर नाही. मला धुळीची ॲलर्जी आहे आणि असे काढे करण्याची हौसही आहे, त्यामुळे पुढचे लेखन वाचन आणि वापर या दोन्हींच्या आधारे केलेले आहे.

दोन्हींत नाक वाहत असले तरी आतला प्रकार अगदी वेगळा असतो. सर्दी हा विषाणूंचा संसर्ग आहे. २००हून अधिक प्रकारचे विषाणू तिला कारणीभूत होऊ शकतात, त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वाधिक आढळतो, आणि बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच त्यांचा बंदोबस्त करते. ॲलर्जीत जंतूंचा संबंधच नसतो. परागकण, धुळीतील सूक्ष्म कीटक, बुरशी किंवा पाळीव प्राण्यांच्या त्वचेचे कण यांसारख्या निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध शरीराने आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात. ते कण पुन्हा नाकात गेले की मास्ट पेशींमधून हिस्टामिन बाहेर पडते आणि खाज, शिंका व पाणी यांची सुरुवात होते. त्यामुळे डोळे आणि टाळू खाजत असतील, शिंका एकामागून एक येत असतील, स्राव पाण्यासारखा पातळ असेल, ताप नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालत असेल, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. घसा दुखून सुरुवात झाली, अंग मोडून आले आणि दोनतीन दिवसांत स्राव दाट झाला, तर ती सर्दी असण्याचा संभव अधिक. (शेंबूड पिवळा-हिरवा झाला की प्रतिजैविक हवेच, हा समज फार पसरलेला आहे, पण तो रंग मुख्यतः पांढऱ्या पेशींतील विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो आणि साध्या सर्दीतही दिसतो.)

आधी सर्दीचे पाहू, कारण घरच्या उपायांना खरा वाव तिथेच आहे. कोणतीही वनस्पती सर्दीचे दिवस खात्रीने कमी करते असे म्हणण्याइतका पुरावा नाही; जे साधते ते म्हणजे घशाची खवखव व खोकल्याची उबळ कमी होणे, पोटात पुरेसे पाणी जाणे आणि झोप लागणे, आणि आजारी माणसाला तेवढे पुष्कळ असते. या सर्व पदार्थांत मधाची बाजू सर्वांत भक्कम आहे. मुलांच्या खोकल्यावर झालेल्या चाचण्यांत मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला, काहीच न दिलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेला दिसला, आणि उपचारांबाबत सूचना देणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनेही २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षावरील रुग्णांच्या साध्या खोकल्यासाठी मध सुचवलेला आहे. सरबतातील वनौषधी त्यामुळे मधाच्या जोडीला आहेत असे समजावे.

काढा करताना वनस्पतीचा कोणता भाग हाताशी आहे यावर कृती ठरते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. पाने आणि फुले यांतील सुगंधी तेले उडून जाणारी असतात. ती वीस मिनिटे उघड्या पातेल्यात उकळली तर घरभर छान वास दरवळतो आणि काढ्यात कडवटपणाच उरतो. म्हणून पुदिना, तुळस, थाईम यांसारख्या पानांवर उकळते पाणी ओतून, झाकण घट्ट लावून, पाच ते दहा मिनिटे ती मुरू द्यावीत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही पेल्यातच पडू द्यावेत. मुळे, खोडे आणि साली कठीण असतात; त्या ठेचून, झाकण ठेवून, मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे उकळाव्या लागतात. आले, दालचिनी व ज्येष्ठमध या दुसऱ्या गटात येतात.

माझी नेहमीची कृती अशी आहे. सुमारे ३० ग्रॅम ताजे आले ठेचून आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन तो अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर झाकून वीस मिनिटे उकळावा. आच बंद केल्यावर त्यात एक लहान चमचा सुके थाईम किंवा तेवढाच चुरडलेला ओवा घालून पुन्हा झाकण लावावे. या दोन्हींमध्ये थायमॉल हे एकच सुगंधी द्रव्य असल्यामुळे एकाऐवजी दुसरे चालते. दहा मिनिटांनी काढा स्वच्छ कापडातून गाळावा, हवा असल्यास पुन्हा थोडा आटवावा आणि कोमट झाल्यावर त्यात जवळजवळ तेवढाच मध मिसळावा. प्रौढ माणसाने एक-दोन लहान चमचे सरबत तसेच चाटावे किंवा कोमट पाण्यातून घ्यावे, आणि रात्री झोपण्यापूर्वीची मात्रा चुकवू नये, कारण खोकला सर्वांत जास्त त्रास तेव्हाच देतो.

आता बाटल्या भरून ठेवण्याचा प्रश्न. नुसता काढा म्हणजे जिवाणूंसाठी आयतेच अन्न असते. तो शीतपेटीत ठेवून दोन दिवसांत संपवावा. मध स्वतः टिकतो तो त्यातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी असल्यामुळे. त्यात काढा ओतताच हे संरक्षण जाते आणि काही दिवसांनी मिश्रण आंबू लागते, म्हणून वर सांगितलेले सरबतही शीतपेटीत ठेवून दोन आठवड्यांच्या आत वापरावे. ज्यांना अधिक टिकणारे हवे असेल त्यांनी मधाऐवजी साखर वापरावी, आणि ती अंदाजाने न घालता वजन करून घालावी: एक भाग गाळलेल्या काढ्याला दोन भाग साखर. अशा पाकात साखरेचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते, जे औषधनिर्मितीत साध्या पाकासाठी ठरलेले प्रमाण आहे, आणि त्या दाटपणात बहुतेक जंतू वाढत नाहीत. बाटली उकळून पूर्ण वाळवलेली असावी; बुडबुडे, आंबूस वास किंवा वर बुरशीचा पापुद्रा दिसला तर चव न घेता सगळे फेकून द्यावे. लसूण तेलात बुडवून ती बाटली खोलीच्या तापमानाला आठवडेच्या आठवडे ठेवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण हवा नसलेल्या आणि आंबटपणा नसलेल्या अशा मिश्रणात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि त्याचा वासावरून पत्ता लागत नाही.

खरे सांगायचे तर वर्षातून दोनतीनदा होणाऱ्या सर्दीसाठी साठा करण्याची गरजच मला पटत नाही. वाळवलेली पाने व मुळे हवाबंद डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी वर्षभर चांगली राहतात, आणि ताजे सरबत करायला पाऊण तास लागतो.

वाफेबद्दल आपण विचारलेले नाही, पण तो विषय निघतोच. वाफ घेतल्यावर बरे वाटते, हे मला मान्य आहे; सर्दी त्यामुळे लवकर जाते असे मात्र चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसलेले नाही, आणि उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजण्याचे प्रकार घडत असतात. पुदिन्यातील मेंथॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, कारण ते थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना उत्तेजित करते. नाकातील सूज असते तेवढीच राहते.

ॲलर्जीच्या बाबतीत मला आपली थोडी निराशा करावी लागेल. आपल्याच परिसरातला मध रोज खाल्ल्याने परागकणांची सवय होते ही कल्पना आकर्षक आहे, पण मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांचे पराग जड व चिकट असतात, आणि नाकाला छळणारे पराग बहुतांशी वाऱ्यावर उडणारे, म्हणजे गवतांचे, काही झाडांचे आणि तणांचे असतात. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसते; पाण्यात ते जेमतेम विरघळते आणि आतड्यांतून फारच कमी शोषले जाते. परागज्वरावर चांगल्या चाचण्या झालेली वनस्पती म्हणून बटरबरचे नाव घेतले जाते, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिचा अर्क सेटिरिझिन या ॲलर्जीच्या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरलाही होता. अडचण अशी की, या वनस्पतीत यकृताला घातक असे पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात, ते काढून टाकण्याची प्रक्रिया घरी करता येत नाही, आणि म्हणून तिचा काढा कधीही करू नये. खोकल्यासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या कोल्ट्सफूट या वनस्पतीतही हीच द्रव्ये असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याला वनस्पतींच्या परागांची ॲलर्जी आहे त्याला वनस्पतींचे औषधही बाधू शकते. कॅमोमाइल आणि एकिनेशिया या शेवंतीच्या कुळातील वनस्पती आहेत. त्याच कुळातील रॅगवीड किंवा मगवर्ट या तणांची ॲलर्जी असलेल्यांना कॅमोमाइलच्या चहाने तोंड खाजण्यापासून ते गंभीर प्रतिक्रियेपर्यंत काहीही होऊ शकते. मगवर्टची ॲलर्जी असलेल्या काहींना बडीशेप आणि धणेही सोसत नाहीत. त्यामुळे नवी वनस्पती एकेकटी, थोड्या प्रमाणात घेऊन पाहावी. दहा जिन्नस एकत्र केलेल्या मिश्रणात कशाने त्रास झाला हे कळायला मार्ग उरत नाही.

ॲलर्जीवर घरी बनवण्याजोगी सर्वांत उपयुक्त गोष्ट कोणत्याही वनौषधीविना तयार होते, ती म्हणजे नाक धुण्याचे मिठाचे पाणी. पराग व धूळ धुऊन निघतात, दाट स्राव सैल होतो आणि कित्येकांना औषधही कमी लागते. एक लिटर पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळावे (२००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे), झाकून कोमट होऊ द्यावे आणि त्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड लहान चमचा, आयोडीन व इतर भर नसलेले बारीक मीठ विरघळवावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबत नाही. उकळण्याची पायरी गाळू नये, कारण नळाच्या कच्च्या पाण्यातील नेग्लेरिया हा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो, जरी असे क्वचितच घडत असले तरी. उरलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे आणि धुण्याचे भांडे दर वेळी स्वच्छ करून वाळवावे. डोळे खाजत असतील तर बंद पापण्यांवर गार ओली घडी ठेवावी. घरी केलेला कोणताही काढा डोळ्यांत घालू नये.

याखेरीज अंथरुणाच्या चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्यास धुळीतील कीटक मरतात, आणि परागांच्या दिवसांत बाहेरून आल्यावर केस धुऊन कपडे बदलल्याने रात्रीच्या शिंका कमी होतात. एवढे करूनही महिनोन्महिने त्रास होत असेल, तर नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे हे सर्वांत परिणामकारक औषध आहे. त्याला घरगुती पर्याय मला माहीत नाही, आणि ‘रसायन’ म्हणून ते नाकारण्यात मला अर्थ दिसत नाही; थायमॉलही रसायनच आहे.

आता आपले बाळ. बारा महिने पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नये, कारण मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या मुलाच्या आतड्यांत ते रुजून विष तयार करतात. मध उकळल्याने ते बीजाणू मरत नाहीत. कापूर, निलगिरी तेल आणि पुदिन्याचे तेल बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर लावू नये. कापूर व निलगिरी तेल पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून बाटल्याही हाताला लागू देऊ नयेत. नाक चोंदले असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब आणि वरचेवर पाजलेले दूध पुरेसे असते.

आईच्या बाबतीत ज्येष्ठमध पूर्ण टाळावे, आणि म्हणूनच मी ते वरच्या कृतीत घेतलेले नाही. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम आणखी खाली जाते. मिरीतील पायपरिनमुळे प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या गोळीसारख्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. जेवणातील मिरीची चिंता नको, पण मिरीचे तीव्र काढे रोज घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आले, लसूण व हळद यांचीही मोठी मात्रा नको. आई जे काही घेणार असेल त्याची यादी त्यांच्या डॉक्टरांना आधी दाखवावी, आणि मधुमेह असेल तर मध व साखर यांचाही हिशेब त्यात धरावा.

ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, बरे वाटू लागल्यावर पुन्हा बिघडले, चेहऱ्याच्या एकाच बाजूला तीव्र वेदना होऊ लागल्या किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर सरबत बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. काही प्यायल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठून चक्कर आली किंवा दम कोंडला, तर तिथे घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. लगेच रुग्णवाहिका बोलवावी, आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लिहून दिलेले असेल तर ते आधी टोचावे.