सुई टोचली, पण सांगायचं कोणाला?

परदेशी रुग्णालयात काही आठवडे काम करायला निघालेले वैद्यकीय विद्यार्थी आणि त्यांचे पालक मला हमखास विचारतात, की तिथे एचआयव्हीची लागण झाली तर काय करायचे? ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

इंग्लंडमध्ये शिकणारी, मूळची नाशिकची एक विद्यार्थिनी मलावीतील एका जिल्हा रुग्णालयात गेली होती. त्या देशात एचआयव्हीचे प्रमाण भारताच्या कित्येक पट आहे. रात्री प्रसूतिकक्षात टाके घालताना सुई हातमोज्यातून तिच्या बोटात शिरली. तिने साबणाने हात धुतला आणि गप्प राहिली. सकाळी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मॅडम, तिथल्या सिस्टर एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळतात. त्यांच्यापुढे मी बोटाचं रडगाणं काय गाऊ?"

अशा वेळी धीर देण्याआधी मी किती तास झाले ते विचारते, कारण प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. माहितीच्या अभावापेक्षा हा भिडस्तपणाच जास्त वेळ खातो, असे माझे मत आहे. तिने लगेच वरिष्ठांना कळवले आणि दुपारच्या आत पहिली गोळी घेतली.

मग आकड्यांकडे वळलो. रुग्ण बाधित असला, तरी अशा एका टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण 300 मध्ये 1 असते, आणि टाक्यांची सुई पोकळ नसल्याने ती आणखी कमी होते. लस न घेतलेल्याला हेपटायटिस बी होण्याचा धोका मात्र 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तिची लस पूर्ण होती, ती लागू पडल्याचे दाखवणारी रक्तातील प्रतिपिंडेही (अँटिबॉडीज) तपासलेली होती. पुष्कळ विद्यार्थी नेमकी हीच तपासणी टाळतात.

औषधे संपली, पुढच्या तपासण्याही निर्दोष आल्या, तरी भयानक स्वप्ने आणि धडधड थांबेना. हा सारा भीतीचाच परिणाम असे मी धरून चालले नाही. मलेरिया होऊ नये म्हणून कोणती गोळी चालू आहे, हे विचारले. आठवड्यातून एकदा घ्यायची मेफ्लोक्विन चालू होती, जिच्यामुळे काहींना नेमका हाच त्रास होतो. गोळी मनाने बंद न करता तिने डॉक्टरांकडून बदलून घेतली. मात्र हे औषध शरीरात बराच काळ रेंगाळत असल्याने झोप सुधारायला त्यानंतरही काही आठवडे गेले.